अजून एक करून बघू की

"अजून एक करून बघू की." पेशंटचे नातेवाईक हात टेकून बसले, की आमचे डॉक्टर नाकावर घसरलेला चष्मा वर सारत हे म्हणायचे. सत्तरच्या दशकात सोलापुरात त्यांच्या दवाखान्यात मी नर्स होते. हे वाक्य ऐकलं, की मी न सांगता स्टोव्हवर सिरिंजा उकळायला ठेवायची.

नव्या यंत्राचं त्यांना भारी वेड. कार्डिओग्रामचं मशीन आलं त्या दिवशी तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं. आधी त्यांनी माझा कार्डिओग्राम काढला, मग शेजारच्या शिंप्याचा, मग चहा घेऊन आलेल्या हॉटेलवाल्याचा. तो बिचारा घाबरून म्हणाला, "सायेब, मला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच काढतोय," डॉक्टर म्हणाले आणि कागदाची पट्टी त्याला भेट दिली. त्यानं ती दुकानात देवाच्या फोटोखाली चिकटवली.

डॉक्टरांची थोरली बहीण, आक्का, अक्कलकोटकडची. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. घरात दोघं कानडीच बोलत. एके दिवशी आक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, गिळता येईना. डॉक्टरांनी तिला दवाखान्यातच आणलं. नाकातून नळी, हाताला सलाईन, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर. पुण्याहून औषधं मागवली, मुंबईच्या डॉक्टरांना ट्रंक कॉल लावले. रोज काहीतरी नवं निघायचं. अजून एक, अजून एक.

आक्का डाव्या हातानं नळी ओढून काढायची. डॉक्टर परत घालायचे. शेवटी त्यांनी तो हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाला बांधला. बांधताना माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलाईन बदलत होते. डॉक्टर आक्कावर वाकून नाडी बघत होते. तिची जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट आला. "साकप्पा."

मला कानडी जेमतेम कळतं, पण एवढं कळलं. पुरे रे बाबा.

 डॉक्टरांनी बँडेजची गाठ सोडली. हातावर वळ उठला होता, तो अंगठ्यानं चोळत राहिले. म्हणाले, "सिस्टर, नळी काढू या. आक्काला घरी नेतो."

आक्काचा मुलगा मुंबईला इंजिनियर होता. तो आला तो चिडूनच. "मामा, तिकडं केवढी मोठी मशिनं आहेत. तुम्ही हात टेकलेत?"

"आहेत की मशिनं. मला ठाऊक नाहीत होय? तुझ्या आईला मी बांधून ठेवलं होतं रे," डॉक्टर म्हणाले.  तो आईच्या पायाशी जाऊन बसला.

आक्कानं आंबील मागितली. डॉक्टर तिला धरून बसवायचे आणि चमच्याच्या टोकानं भरवायचे. बरीचशी सांडायचीच. चार-सहा दिवसांत ती गेली, अंगणाकडं तोंड करून.

त्यानंतर डॉक्टरांचा यंत्रांवरचा जीव कमी झाला म्हणाल, तर नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी नवं एक्स-रे मशीन घेतलं. फक्त नातेवाईकांशी बोलायच्या आधी ते पेशंटजवळ स्टूल ओढून बसू लागले. काय बोलायचे ते आम्हाला ऐकू यायचं नाही.

एकदा गावातल्या डॉक्टर मंडळींनी सभा ठेवली. विषय होता, विज्ञान फार पुढं गेलंय का. मोठमोठी भाषणं झाली. आमच्या डॉक्टरांची पाळी आली तेव्हा ते उठले, चष्मा वर सारला. म्हणाले, "विज्ञान किती पुढं गेलंय ते मला सांगता येणार नाही. मी एकदा फार पुढं गेलो होतो." आणि खाली बसले.

ते गेले ते भरदुपारी, दवाखान्यातल्या खुर्चीतच. एक पेशंट बाहेर पडला, दुसऱ्याला आत पाठवू का विचारायला म्हणून मी गेले, तर मान छातीवर आलेली. काही करायला त्यांनी वेळच ठेवला नव्हता.

मी बाहेर येऊन बाकावरच्यांना सांगितलं. कुणी उठेना. थोड्या वेळानं परत सांगितलं, आज दवाखाना बंद आहे, घरी जा.

"ठावं हाय बाई," मोहोळहून आलेली एक म्हातारी म्हणाली. "बसू द्या की जरा."