मधल्या जागेचा मान

आमचे चुलते आकारामनाना फौजेतून हवालदार होऊन परतले आणि साताऱ्याच्या एका वनस्पती उद्यानात माळी झाले. मी तिथंच तिकिटं देतो. काचघरातल्या पामच्या कुंड्या नाना अशा रांगेत लावतात, की एखादी जरा पुढं सरकली तर तिला फौजेतला रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, मिळेल असं वाटावं.

पण नानांच्या जिवाला सुख नाही, कारण दुसरे माळी कल्लाप्पा. सांगलीकडचे, सावकाश बोलणारे. दोघांनी एकाच दिवशी एकेक पाम लावला. कल्लाप्पांचा अंगानं भरला, नानांचा मात्र रोडावलेलाच. काचघराचं छत मधोमध सगळ्यात उंच, आणि तिथं एकच झाड मावतं. ती जागा कुणाच्या पामला, हे उद्यानाच्या प्रमुख प्रांजल मॅडम दसऱ्याला ठरवणार होत्या.

"त्यो चोरून कायतरी घालतोय झाडाला," नाना म्हणाले.

"काय घालणार? शिरा?"

"गप रं. तुला न्हाई कळायचं."

कल्लाप्पा पर्युषणाला गावी गेले आणि नानांनी डाव साधला. घरी उसाची शेती. खालचा पाला काढला की ऊस सरळ वर जातो, हे रक्तातच. त्यांनी कोयता घेतला आणि शेंड्याच्या दोन झावळ्या ठेवून आपला पाम सोलून काढला. पण ज्या झावळ्यांवर झाड जगतं त्याच गेल्या. दसऱ्यापर्यंत पाम उलटा धरलेल्या खराट्यासारखा दिसायला लागला.

कल्लाप्पांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "हवालदारसाहेब, ह्याला पण मिल्ट्री कट मारलासा काय?"

मधली जागा कल्लाप्पांच्या पामला गेली. ती जड कुंडी सरकवायला नानांनीच खांदा दिला, तोही दात-ओठ खात.

दुसऱ्या दिवशी मधल्या पामला एक काळा फौजी बूट लटकत होता.

"हे काय, नाना?" मॅडमनी विचारलं.

"दृष्ट लागू ने म्हणून."

"काचघरात कुणाची दृष्ट लागणार?"

नाना छताकडं बघत राहिले. "माजीच की! काल घरी जाताना चारदा मागं वळून बघितलं मी. बाजारच्या लिंबू-मिरचीला न्हाई जुमानायची ती. माजाच बूट पायजे."

कल्लाप्पा हसता हसता खाली बसले. नाना हसले नाहीत.

दुसरा बूट त्यांनी जपून ठेवलाय. आपल्या पामला नवी झावळी फुटली की त्याला बांधायचा आहे. कल्लाप्पाची नजर काय कमी हाय व्हय, म्हणतात.