वेल्डिंग आहे असं धरलंय!

वर्कशॉपमध्ये कितीही झाडू मारा, संध्याकाळी कोपऱ्यात लोखंडाची भुकटी साचलेलीच. किश्श्यांचंही तसंच. मी भांडुपच्या शेडमध्ये बसून बसून म्हातारा झालो. शाळा फारशी पाहिली नाही, पण हे साचत गेलं.

हे किस्से एका फ्रेमचे. हिराबाई कोळीण आमची जुनी गिऱ्हाईक. तिला बर्फाचं मशीन ठेवायला लोखंडी मचाण हवं होतं. म्हणाली, "वर मशीन, खाली मी नि माझी सून मच्छी साफ करनार. पडलं तर आमच्याच डोक्यात. नीट करा रं!"

*

फ्रेम किती वजन पेलेल त्याचा हिशेब करायला मुलुंडहून इंजिनीयर जोशी मॅडम यायच्या. भारी सावध बाई! स्टूल दिलं की आधी हलवून बघणार, मगच बसणार. रोज तेच स्टूल, रोज हलवणार!

लॅपटॉपवर त्यांनी फ्रेम दाखवली. नुसत्या काड्या काड्या. आमचा वेल्डर सावंत, मालवणचा. डोळे बारीक करून म्हणाला, "मॅडम, माझी वेल्डिंग खंय?"

"वेल्डिंग आहे असं धरलंय."

"असां? मगे उद्या मी कामावर इलंय असा धरा!"

*

सावंताचा हिराबाईवर जीव. ती येताना त्याच्यासाठी सुके बोंबील आणायची ना! मावशीचं काम म्हणून पठ्ठ्याने एकाच बाजूने वेल्डिंगचे रॉडवर रॉड जाळले. "हत्ती नाचलो तरी तुटाचा नाय!"

फ्रेम थंड झाली आणि तिचा एक पाय जमिनीवरून वर उचलला गेला. म्हटलं, "सावंता, वाट लागली."

"तात्यानू, जमीन वाकडी आसा."

फ्रेम दुसरीकडे ठेवली. पाय वरच. तिसरीकडे ठेवली. तिथेही वरच.

मी हळूच विचारलं, "अख्खं भांडुपच वाकडं का रे?"

*

मॅडम रागावल्या नाहीत. खाली बसून फ्रेमभोवती बोट फिरवत म्हणाल्या, "शिवताना दोरा जास्त ओढला की कापड चुरगळतं ना, तसं झालंय. वेल्ड थंड होताना आकसतो, लोखंडाला खेचतो. वजन ठेवायच्या आधीच आत ताण बसलाय. तो मीही धरला नव्हता. चूक दोघांची."

सावंत म्हणाला, "म्हंजे लग्नाआधीच संसाराचो ताप!"

मॅडमनी तो ताण हिशेबात घेतला, तर स्क्रीनवर कोपरे लालभडक! मग जोड कापले. कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या घ्यायच्या ठरल्या. वेल्डिंग थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, मध्ये थांबून.

*

थांबणं सावंताला कुठलं जमायला! मी समोर बसायचो. त्याने रॉड उचलला की चहा पुढे करायचो. इतके चहा झाले, की बिचारा रॉड दिसला तरी म्हणायचा, "नको तात्यानू!"

हिराबाई डोकावून गेली. "जोड लावतंस का लोनचं मुरवतंस?"

*

शेवटी गुण्या लावला. चारही कोपरे काटकोनात, चारही पाय जमिनीवर. वर मशीनपेक्षा जास्त वजनाची वाळूची पोती चढवली. झकास उभी!

मॅडम म्हणाल्या, "हिशेबात बसतंय."

सावंत म्हणाला, "माझ्या हातात बसलाहा."

हिराबाईने दोघांकडे पाहिलं. सोबत आणलेला डबा फ्रेमच्या बरोबर खाली नेऊन उघडला. सुरमई! ताटं मांडली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग बसा समदे जेवाला. हितंच!"

कुणी हलेना. सावंत वर कोपऱ्याकडे बघतोय, मी सावंताकडे.

मॅडमनी स्टूल ओढलं. सावंताच्या जोडाखाली ठेवलं आणि न हलवता बसल्या.

"मावशी, मला शेपटीकडचा तुकडा वाढा."