बिरिंग, बराट, बराट

आमचे ईश्वरदास धकाते सर इंग्रजी व्याकरण पायाने शिकवत. खोटं नाही. जन्म गोळीबार चौकातल्या कोष्ट्याच्या घरी, आणि अजूनही शाळेआधी दोन तास मागावर बसत. त्यामुळे क्रियापदं म्हणायला लागले की पाय आपोआप मागाच्या फळ्या दाबल्यासारखे चालत. उजवा, डावा, उजवा. "बिरिंग, बराट, बराट! टेक, टूक, टेकन!"

त्यांची नक्कल माझ्याइतकी कोणी करत नसे. मधल्या सुट्टीत मी बाकावर चढून अख्खा तास घ्यायचो. धंतोलीच्या वकिलाचा कृष्णकांत, घरी रेडिओवर लंडन ऐकणारा, हसून लोळायचा. "हे इंग्रजी आहे की मागाची खडखड?" त्याचाही आवाज मी काढायचो, नाकातून.

चौपन्न साली शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले. सरांना कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्या एका तासावर होतं.

"पोट्टेहो, आज माह्या इज्जतीचा सवाल आहे गा," एवढंच सर म्हणाले आणि पाय जुळवून उभे राहिले.

साहेबांचं बोट नेमकं माझ्यावर. "यू! ब्रिंग!"

मी ठरवलंच होतं, कृष्णकांतचा आवाज लावायचा, सरांची लाज राखायची. नाक वर केलं. "ब्रिंग..." पुढे कोरं! वर्षभर ती रूपं मी सरांच्याच आवाजात म्हटली होती. दुसऱ्या आवाजात मला ती येतच नव्हती. सर जमिनीकडे बघत होते. माझा डावा पाय हलला.

"बिरिंग, बराट, बराट!"

बाकांखाली चाळीस जणांचे पाय सुरू झाले. कृष्णकांतचेसुद्धा. तीस क्रियापदं, दम न घेता.

"मास्टरजी की नकल करते हो?" साहेब गरजले.

"नाही साहेब, मले असंच येते."

साहेबांनी सगळ्यांना तीच रूपं लिहायला लावली. वह्या चाळल्या. चूक सापडेना. मिशीत हसू दाबून त्यांनी शेरा लिहिला आणि सर कायम झाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं.

"मधल्या सुट्टीत तू माही नक्कल करतं, मले माहीत आहे."

मी कान धरले.

"करत जाय. पण डाव्या पायानं काहून सुरू करतं बे? उजवा आधी. नाही तं सूत तुटते."