जहाज सुटलं का?

वरोऱ्यात माझी कापसाची जिनिंग आहे. शेजारचा गृहस्थ भद्रावतीला दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिकडे परदेशात युद्ध पेटलं, समुद्राची वाट बंद झाली, माझ्या गाठी बंदरात अडकल्या आणि ह्याचा ओव्हरटाइम सुरू झाला. रोज संध्याकाळी तो फाटकाशी थांबायचा. स्कूटर चालूच, पेट्रोलची फिकीर कुणाला? विचारायचा, "भाऊ, जहाज सुटलं का?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

युद्ध थांबलं त्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदाच स्कूटर बंद केली. हातात पेढे.

"घ्या भाऊ, आता तुमचा माल निघते."

"अन् तुमचा ओव्हरटाइम?"

"तो बंद झाला नं आजपासून," तो हसला.

युद्ध चालू असतानाही मला त्याचा एवढा हेवा वाटला नव्हता.