पाहुण्यांच्या खुर्चीतून

“यंदा सगळ्यांनी फिक्या रंगाच्या साड्या नेसा,” असं चैत्रातल्या हळदीकुंकवाचं आमंत्रण मीच ग्रुपवर टाकलं होतं. हौस माझीच, मग बोलणार कुणाला? गौरीपुढे कलिंगडाचं कमळ कोरलं, मोगऱ्याचे गजरे आणले. बायका नटून आल्या, पंख्याखाली बसल्या, आरासीपुढे फोटो काढले. मी रेशमी साडीत घामाने चिंब होऊन प्रत्येकीला कुंकू लावत, आंबेडाळ वाढत फिरत राहिले.

सगळ्या गेल्यावर शेजारच्या काकू दारातून परत फिरल्या. “अगं, तुला कोणी कुंकू लावलं का?”

नव्हतं लावलं. प्रत्येकीला वाटलं असणार, दुसरीने लावलं असेल. दुसऱ्यांच्या घरी मीही तेच करते म्हणा. नटलेल्या घरात यजमानीण कुठेतरी फिरत असते, एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

काकूंनी माझ्या ओल्या कपाळावर बोट टेकवलं. “बस आता,” म्हणाल्या आणि पन्ह्याचा पेला हातात दिला.

मी बसले. पाहुण्यांच्या खुर्चीतून माझी आरास केवढी सुंदर दिसते, हे मला तेव्हा कळलं. आणि आता ती मोडायची होती.