तळमजल्याचं सिंक

माझा नळ बंद आहे, तरी सिंक भरतंय. गरम पाणी ओतलं, रबरी पंप मारला, खालचा पाइप काढून पाहिला, तर तो लख्ख. तुंबलीय ती इमारतीची सामाईक लाइन, आणि तळमजला आमचा. जाळीतून वर येतात भाताची शितं, चहाचा चोथा, कुणाकडची तरी मेथी. वरच्यांचे संसार माझ्या ओट्याशी येऊन अडतात आणि मी ते मगाने बादलीत उपसत राहते. मी जागची हलले की घरभर पाणी.

शेवटी पळतच वर गेले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना म्हटलं, "जरा वेळ पाणी सोडू नका हो."

त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आमचं तर छान जातंय की!"

मी खाली आले. त्यांचं पाणी माझ्या आधी पोचलं होतं.