उपासने साहेबांचा रिकामा डबा

आरंभीच वाचकांची क्षमा मागते. आयुष्याची उमेदीची वर्षे एका ग्रंथालयात इतरांनी लिहिलेली पुस्तके जागेवर लावण्यात गेली; स्वतः लेखणी हाती धरली ती साठी उलटल्यावर, तीही भीत भीत. अशा नवख्या माणसाने कुणाचे व्यक्तिचित्र रेखाटण्याचे धाडस करू नये, हे मला समजते. त्यातही व्यक्तिचित्र आदरणीय माणसाचे लिहावे असा प्रघात आहे, आणि ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांच्याविषयी आदर बाळगण्याचा मी मनापासून प्रयत्न करून पाहिला. तो सफल झाला नाही.

श्री. दिनकरराव उपासने दुकानाला नमस्कार करीत. हे लाक्षणिक अर्थाने लिहीत नाही. पनवेलच्या बाजारपेठेतून जाताना एखादे जुने दुकान दिसले की ते चपला बाजूला काढत, वाकून उंबऱ्याला हात लावत आणि तो हात कपाळाला नेत. मग आत जाऊन दुकानदाराची चौकशी करत, त्याच्या वडिलांची आठवण काढत, वाण्याकडचे चार शेंगदाणे तोंडात टाकत आणि रिकाम्या पिशवीनिशी बाहेर पडत. "दुकान म्हणजे गावाचा श्वास," असे ते उंबरा उतरताना म्हणत. "आपण जगवलं, तर हे लोक जगतील."

विमा कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. पांढरा शुभ्र झब्बा, ओठांवर कायमचे मंद हसू आणि समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बोलण्याची सवय. हात एकदा सापडला की बोलणे संपेपर्यंत सुटत नसे. त्यांनी 'आपलं दुकान, आपली माणसं' नावाची एक समिती स्थापन केली होती. तिचे फलक सोसायटीच्या जिन्यात लागले होते. छत्र्या दुरुस्त करणारे सलीमभाई त्या समितीचे पहिले सत्कारमूर्ती. सत्काराचा नारळ त्यांनी दुकानात दर्शनी ठेवला होता. मी माझी छत्री घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "ताई, साहेब तारीफ फार करतात. अल्लाची मेहेरबानी. पण त्यांच्या घरची एक छत्री अजून माझ्याकडं आलेली नाय बघा. मोडली की नवी मागवतात, घरपोच."

मी ओशाळून हसले. सलीमभाई हसले नाहीत.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या मालकीच्या गाळ्यात, हिराबाईंची पिठाची गिरणी होती. हिराबाई पनवेलजवळच्या नेरे गावच्या. नवरा गेल्यावर त्यांनी गिरणी एकटीने चालवली. पापण्यांवर सदैव पिठाची साय, आवाज गिरणीच्या वरताण. त्या गिरणीचा एक नियम होता: रांगेत माणसाने उभे राहायचे नाही, डब्याने राहायचे. डब्यावर रंगाने आडनाव लिहिलेले असे. सकाळी दळण टाकून जावे, संध्याकाळी डबा उचलावा. कुणाचा डबा कुणी ओलांडत नसे. एकदा एका घाईच्या गृहस्थांनी आपला डबा पुढे सरकवला, तेव्हा हिराबाई गिरणी थांबवून म्हणाल्या होत्या, "दादा, डब्याला पाय फुटले काय? मागं न्या त्याला. तुमच्यापरीस त्याला लाज हाय."

समितीने 'आपली गिरणी' या विषयावर एक चित्रफीत करायचे ठरवले, तेव्हा उपासने साहेब पहिल्यांदा दळणाचा डबा घेऊन आले. कोरा, चकचकीत डबा. त्यावर 'उपासने' ही अक्षरे इतकी ताजी होती की बोटाला रंग लागत होता. चित्रणासाठी तो सर्वांत पुढे ठेवण्यात आला. साहेबांनी गिरणीला हात जोडले, पिठाची चिमूट कपाळाला लावली, 'दळण ही आपली संस्कृती आहे' या अर्थाचे बरेच काही सांगितले आणि मंडळी पांगली. माझा डबा त्याच्या मागेच होता. हिराबाईंनी पहिला डबा दळायला उचलला, आणि त्या जराशा मागे झुकल्या. जड समजून लावलेला जोर वाया गेला होता. झाकण उघडून त्यांनी मला आत दाखवले. दाणा नव्हता.

"विसरले असतील," मी म्हटले. सभ्य माणसे असेच म्हणतात.

"आणतील," त्या म्हणाल्या, आणि डबा नीट पुसून फळीवर ठेवला.

साहेबांच्या घरी पीठ येत असे ते मॉलमधून, पाकिटात. उद्वाहनात एकदा त्यांच्या हातात ते पाकीट पाहिले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "हे केवळ अडीअडचणीला हो!" माझ्या पाहण्यात ती अडचण कधीच संपली नाही.

पुढे गिरणीच्या हादऱ्यांविषयी तक्रारी येऊ लागल्या. पहिली तक्रार उपासने वहिनींची होती: दिवाणखान्यातल्या कपाटातले काचेचे पेले किणकिणतात. गाळ्याचा भाडेकरार संपत आला होता आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे सर्वसाधारण सभेत ठरणार होते. त्याच सुमारास हिराबाईंच्या भावाने नेऱ्याच्या नाक्यावर एक गाळा पाहून ठेवला. मालकाला लगेच होकार हवा होता. हिराबाई सल्ल्यासाठी साहेबांकडे निघाल्या आणि सोबतीला मला घेऊन गेल्या.

साहेबांनी त्यांचे पिठाळलेले हात आपल्या हातांत घेतले. "हिराबाई, मी अध्यक्ष असताना तुम्ही जाणार? हा तुमचा प्रश्न नाही, माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे. भावाला कळवा, नको म्हणून."

"नक्की ना साहेब? तो गाळा मंग हातचा जाईल."

"उपासने शब्द देतो, तेव्हा ती काळ्या दगडावरची रेघ असते."

जिना उतरताना हिराबाईंनी भावाला फोन केला. "नको सांग त्याला. इथं साहेब हायेत."

सभेच्या दिवशी हिराबाई सभागृहाच्या दाराबाहेर थांबल्या. सभासद नसल्याने आत येण्याची मुभा नव्हती. साहेब गिरणीवर फार सुंदर बोलले. काहींचे डोळे पाणावले. मग करार चालू ठेवण्याच्या ठरावावर हात वर झाले. मीही केला, आयुष्यात इतक्या लोकांसमोर केलेली ती माझी सर्वांत मोठी हालचाल असावी. मोजणी झाली. बाजूने आणि विरोधात हात सारखेच भरले. चिटणीस म्हणाले, "साहेब, आता तुमच्या मतावर आहे."

उपासने साहेबांनी डोळे मिटले. क्षणभर वाटले, हा माणूस खरोखरच एकदा तरी पिशवी भरून बाहेर पडणार.

"माझं हृदय हिराबाईंजवळ आहे," ते म्हणाले, "आणि नेमकं म्हणूनच मी तटस्थ राहतो. उद्या कुणी म्हणायला नको, की उपासन्यांनी आपल्या माणसाला झुकतं माप दिलं."

टाळ्या पडल्या. मते समसमान राहिल्याने ठराव फेटाळला गेला.

बाहेर आले तेव्हा हिराबाईंनी विचारले, "टाळ्या वाजल्या. झालं ना आपलं?"

"नाही झालं."

"आन साहेब?"

"ते म्हणाले, त्यांचं हृदय तुमच्याजवळ आहे."

"त्याचं मी काय करू, बाई? मला त्यांचा हात पायजे होता. बाजारात चपला काढून दुकानाच्या पाया पडतो मानूस, आन इथं खुर्चीत बसून एक हात वर होत नाय?"

गिरणी उचलण्याच्या दिवशी फळीवर उरलेला शेवटचा डबा त्यांनी स्वतः पोहोचवला. मी बरोबर होते. साहेबांनी दार उघडले. "तुमचा डबा, साहेब," हिराबाई म्हणाल्या. "लय दिवस नंबर धरून होता. दळायचं रायलं."

कुठल्याही माणसाला हे लागले असते. साहेबांना ते भावले. त्यांनी डबा छातीशी धरला आणि पुढे तो दिवाणखान्यात, त्याच काचेच्या कपाटावर, सुकी फुले घालून मांडला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही आपल्या जुन्या पनवेलची शेवटची खूण. मी सांभाळली आहे." खाली पेले आता किणकिणत नव्हते.

गाळ्यात एका मोठ्या कंपनीचे घरपोच किराण्याचे केंद्र आले. फीत उपासने साहेबांनीच कापली. तेथेही उंबऱ्याला हात लावला. मी नकळत त्यांच्याकडे पाहिले असावे, कारण त्यांनी माझा हात धरला. "सामान पोहोचवणारी मुलं नेऱ्याचीच आहेत हो. म्हणजे धंदा आपल्याच माणसांचा झाला, नाही का?" मी हात सोडवून घेतला. त्यांच्या आणि माझ्या परिचयातले माझे एवढेच कर्तृत्व.

पुढे ते मुलीकडे पुण्याला राहायला गेले. सामानाच्या गाडीत तो डबा कापडात गुंडाळून, वर 'नाजूक' अशी चिठ्ठी लावून चढवला गेला. तेथेही त्यांनी समिती स्थापन केल्याचे कानावर आले आहे. तेथल्या दुकानदारांची मला काळजी वाटते.

मध्यंतरी नेऱ्याला गेले होते. नाक्यावरचा तो गाळा भावाने नकार कळवला त्याच आठवड्यात दुसऱ्याने घेतला होता. हिराबाई एका फार्महाउसवर, शनिवार-रविवारी मौजेला येणाऱ्या मंडळींचा स्वयंपाक करतात. गिरणी भावाच्या पडवीत गोणपाटाखाली आहे. त्यांनी मला आग्रहाने जेवायला बसवले. भाकरी थापताना मान वर न करता म्हणाल्या, "पीठ पाकिटाचं हाय, बाई. मालकीण तेच आणून देते. गोड मानून घ्या."

मी ती भाकरी खाल्ली. उपासने साहेबांविषयी याहून अधिक लिहिण्याची माझी योग्यता नाही आणि इच्छाही नाही. एवढेच विचारते: तुमच्या घरी या आठवड्यात पीठ कुठून आले?